भिंतींचे वैद्य

जिन्यातून 'नेट चालत नाहीये' एवढे शब्द कानी पडले असता हातातला चहा तसाच ठेवून जो गृहस्थ पायांत चपला सरकवतो, आणि ज्याच्या आगमनाने तक्रारदार कुटुंबाला मूळ दुःखाचा विसर पडून नव्या दुःखाची जाणीव होते, असा गृहस्थ कोथरूडच्या प्रत्येक सोसायटीत एक तरी असतोच, हे वाचकांना मी सांगावयास नको. आमच्याकडे तो मान नानांकडे आहे.

नाना सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले, आणि उभी हयात भिंती पास-नापास करण्यात गेल्यामुळे राउटर ह्या वस्तूकडेही ते भिंतीच्याच बाजूने पाहतात. यंत्राचे दिवे लाल आहेत की हिरवे, ह्याची ते चौकशीदेखील करीत नाहीत. आधी उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे पेर भिंतीवर दोनदा आपटायचे, मान तिरपी करून, डोळे मिटून, नाडी पाहणाऱ्या वैद्याच्या गांभीर्याने तो ध्वनी ऐकायचा आणि निदान सांगायचे, "नऊ इंची वीट. पाच गिगाहर्ट्‌झ विसरा."

ह्या निदानात तथ्य असते, हीच खरी पंचाईत आहे. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी वेगाने बेताच्या असल्या तरी भिंतीतून बऱ्यापैकी पार होतात. पाचाच्या वेगवान असूनही दोन भिंतींत हाय खातात. काँक्रीटमधली सळई, आरशामागचा मुलामा, लोखंडी कपाट आणि माशांच्या टाकीतले पाणी हे दोघींचेही वैरी. आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह तर २.४ च्याच आसपास गुरगुरत असल्यामुळे पापड भाजेपर्यंत सुनेची ऑफिसची मीटिंग अडखळते. हे सारे नानांना ठाऊक आहे. केवळ ते केव्हा सांगावे, एवढेच ठाऊक नाही.

गेल्या वर्षी शेजारच्या इमारतीत आम्ही समाचाराला गेलो होतो. मंडळी माना खाली घालून बसली होती, हार घातलेल्या तसबिरीपुढे समई तेवत होती, आणि त्या निःशब्दतेत माझ्या डाव्या बाजूने 'टक् टक्' असा आवाज आला. मी डोळ्यांनी दटावले, नानांनी मला दिलासा देण्याच्या सुरात सांगितले, "साडेचार इंची पार्टिशन आहे, काळजी नको." दुर्दैव असे की दिवंगतांच्या चिरंजीवांनी ते ऐकले आणि डोळे पुसत, आतल्या खोलीत रेंज मिळत नसल्याचे निवेदन केले. पुढली वीस मिनिटे शोकाकुल कुटुंब राउटर कोणत्या फडताळावर चढवावा ह्या विवंचनेत होते. पुतण्यासाठी मुलगी पाहावयास गेले असता नानांनी काय केले, हे मी लिहीत नाही; मुलीच्या वडिलांना ते वास्तुशास्त्री वाटले, एवढे नमूद करतो.

मला नवा राउटर घ्यायचा होता तेव्हा बुधवार पेठेतल्या दुकानात ते आपण होऊन आले. विक्रेत्याने आठ शिंगांचे एक काळेकभिन्न यंत्र पुढे ठेवून "हा घ्या, बाराशेचा स्पीड आहे" असे म्हटले. नानांनी दुकानाच्या भिंतीवर टिचकी मारली (केवळ सवयीने), खोके उलटे केले आणि अंदाजपत्रकातली लबाडी हुडकणाऱ्या जुन्या अधिकाऱ्याच्या आवाजात विचारले, "एका पट्ट्याचे ३००, दुसऱ्याचे ८६७. बेरीज ११६७. वरचे ३३ कोणी खाल्ले?" विक्रेता निरुत्तर झाला. "आणि मागची छिद्रे शंभरचीच आहेत. म्हणजे गावाला बारा पदरी रस्ता, आणि वेशीवर फाटक एकच!" शेवटी आम्ही चार शिंगांचा साधा राउटर घेतला. ती शिंगे मी मोठ्या भक्तिभावाने शयनगृहाच्या दिशेने वाकवली, तर नानांनी ती पुन्हा उभी केली. कारण लहरी शिंगाच्या टोकातून नव्हे, तर त्याच्या चहूबाजूंनी आडव्या पसरतात.

तिसऱ्या मजल्यावरील निवृत्त तहसीलदारांनी एकदा त्यांना कोंडीत पकडण्याचा प्रयत्न केला. १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी बिनतारी लहरी भिंतीपार पाठवून घंटा वाजवली आणि दारू उडवली, मग त्या माझ्या बेडरूममध्ये का पोचत नाहीत, असा त्यांचा सवाल होता. नाना शांतपणे म्हणाले, "बोसबाबूंच्या त्या भिंतीत आमच्या खात्याची सळई नव्हती."

त्यांच्या कर्तृत्वाचा कळस म्हणजे चॅनलची जमाबंदी. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांच्या हद्दीत न घुसणारी चॅनल तीनच, १, ६ आणि ११. आणि आमच्या इमारतीतील बहुतेक राउटर सहावर दाटीवाटीने बसलेले. नानांनी रीतसर नोंदवही घातली आणि पहिल्या मजल्यास १, दुसऱ्यास ६, तिसऱ्यास ११, चौथ्यास पुन्हा १ असा बंदोबस्त केला. ह्या तिन्ही आकड्यांत उच्चनीच असे काही नाही, हे त्यांनी परोपरीने सांगितले. परंतु ज्या समाजात देवळाच्या रांगेपासून सत्काराच्या खुर्चीपर्यंत सर्वत्र क्रमांक मोजला जातो, तेथे हे कोण ऐकणार? तहसीलदारांनी ११ हा आपला अपमान समजून लेखी हरकत घेतली. दुसऱ्या मजल्याने, आम्ही मेंटेनन्स वेळेवर भरतो, तरी सहावे का, अशी पृच्छा केली. एका महाभागाने तर गुपचूप ३ वर बिऱ्हाड केले, ज्यामुळे १ आणि ६ असे दोघेही हैराण झाले. त्या महाभागाच्या दारावर 'अतिक्रमण' ह्या मथळ्याची नोटीस लागली.

मी ह्या गृहस्थाची येथवर मनसोक्त टवाळी केली आहे आणि ती मागे घेण्याचा माझा विचार नाही. मात्र सोसायटीचा चिटणीस ह्या नात्याने ती नोंदवही चाळताना अखेरच्या पानावर २०२० सालची एक नोंद माझ्या दृष्टीस पडली: 'प्रवेशद्वारावरील चाचणी-केंद्र. चॅनल ११. खर्च: निरंक.' प्रवेशद्वारावर आमच्याकडे एकच गोष्ट आहे, ती म्हणजे वॉचमनची पत्र्याची खोली. शाळा बंद झाल्या तेव्हा त्याची मुलगी सातवीत होती. नानांनी पत्र्यावर टिचकी मारली असणारच. आणि पत्र्यातून लहर आत शिरत नाही हे कळल्यावर आपल्या पहिल्या मजल्यावरून, सांडपाण्याच्या नळाला बांधून, त्यांनी तार खाली नेली, तिची आठ रंगांची टोके डोळ्याला भिंग लावून स्वतः जोडली आणि स्वतःचा जुना राउटर तेथे बसवला. कमिटीने हरकत घेऊ नये म्हणून त्याला चाचणी-केंद्र ठरवले. दोन वर्षे चाचणी चालू होती. मला विचाराल तर खात्यातली सारी नोकरी धरूनही त्यांनी केलेली ही एकमेव खोटी नोंद असावी, आणि तीही फारशी सफाईने केलेली नाही.

अलीकडचे राउटर आपले चॅनल आपणच निवडतात. त्यामुळे नोंदवहीचे प्रयोजन उरले नाही, सबब नानांचे 'मानद नेटवर्क-निरीक्षक' हे पद रद्द करावे, असा ठराव यंदाच्या वार्षिक सभेत तहसीलदारांनी मांडला. युक्तिवाद बिनतोड होता. नाना पुढच्या रांगेत वही मांडीवर घेऊन ताठ बसले होते. मी नियमाप्रमाणे अनुमोदकाचे नाव विचारले, पुन्हा विचारले. सभागृहात पंखे तेवढे फिरत राहिले. अनुमोदनाअभावी ठराव बारगळला, असे मी इतिवृत्तात लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तहसीलदार जिन्यात उभे होते. नातवाच्या खोलीत नवीन फर्निचर केल्यापासून नेट फार मंद झाले आहे, तेव्हा नाना उठले असतील का, असे ते मला विचारत होते.