दर पाचपट, शिक्षा शून्य

अमेरिकेत माजी सैनिकाचा अपंगत्व-भत्त्याचा पहिला दावा तयार करून देण्यासाठी एक डॉलरही घेणं कायद्याला मंजूर नाही. घेतला तर काय होतं? माजी सैनिक विभागाकडून पत्र येतं. आपण करता ते बेकायदा आहे, तरी बंद करावं. पत्र वाचून फायलीला लागतं आणि पुढच्या सैनिकाचा फोन घेतला जातो. एके काळी या गुन्ह्याला फौजदारी शिक्षा होती. २००६ साली काँग्रेसने कायदा सुधारला, त्यात ती निघून गेली. (ही काँग्रेस म्हणजे तिथली संसद. आपल्याकडच्या काँग्रेसवर आधीच पुरेसे आळ आहेत.) गुन्हा कायम, शिक्षा रद्द अशी ती सुधारणा तेव्हापासून सुखाने नांदते आहे.

आमच्या आळीतल्या अण्णांना मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. अण्णांनी उभी हयात आरटीओच्या फाटकाबाहेर टेबल टाकून काढली. स्टेपलर, शाईचा पॅड आणि साहेब जागेवर आहेत की नाहीत याची बित्तंबातमी, एवढ्या भांडवलावर त्यांनी दोन मुलींची लग्नं केली.

"एजंट बेकायदा आहे आणि त्याला कोणी धरत नाही," अण्णा म्हणाले. "मग यात बातमी काय?"

बातमी दरात आहे, अण्णा.

तिकडे सैनिकाच्या दुखण्याला टक्के देतात. शून्य ते शंभर, दहादहाच्या पायऱ्यांनी. २०२५ च्या दरपत्रकाप्रमाणे एकट्या माणसाला ७० टक्क्यांचे महिना १,७५९ डॉलर, १०० टक्क्यांचे ३,८३१. एखाद्या सल्लागार कंपनीच्या कृपेनं सत्तराचे शंभर झाले, तर महिन्याची वाढ २,०७२ डॉलर. अशा कंपन्यांचा रूढ दर या वाढीच्या पाचपट, म्हणजे १० हजार ३६० डॉलर. गुडघा सैनिकाचा, युद्ध सरकारचं, पहिले पाच महिने कंपनीचे. मढ्याच्या टाळूवरचं लोणी ही आपली म्हण इथे चालणार नाही. सैनिक जिवंत आहे, आणि करारावर सही त्यानं स्वखुशीनं केलेली आहे.

"एका गिऱ्हाइकामागे?" अण्णांनी हळूच विचारलं. व्यावसायिक मत्सर त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच पाहिला.

कंपन्यांचं म्हणणं असं की आम्ही दावा भरतच नाही. आम्ही फक्त कोचिंग करतो. फॉर्मवर सही सैनिकाची, पाठवणाराही तोच, कागदावर कंपनीचा मागमूस नाही. विभागाच्या मान्यताप्राप्त प्रतिनिधींच्या यादीतही त्या नाहीत, कारण यादीत गेलं की नियम लागतात. मान्यता असलेल्या वकिलाला पहिल्या निकालापर्यंत फी घेता येत नाही. निकालाविरुद्ध लढला तर थकबाकीतले वीस टक्के वाजवी समजतात, एक तृतीयांशाच्या वर गेला तर अवाजवी. थोडक्यात, नाव नोंदवून चालणाऱ्याच्या पायात बेडी, आणि नाव न नोंदवणाऱ्याला पाचपट मोकळं रान. अण्णांना यात नवल वाटलं नाही. नोंदणीच्या फंदात तेही कधी पडले नव्हते.

पण कोचिंग लागावं इतकं अवघड त्या दाव्यात आहे तरी काय? बेरीज आहे. पन्नास टक्क्यांची पाठ आणि तीस टक्क्यांचा खांदा मिळून ऐंशी होत नाहीत. पन्नास टक्के गेले की माणूस निम्मा उरतो. उरलेल्या निम्म्याचे तीस टक्के म्हणजे पंधरा. एकूण पासष्ट, आणि जवळच्या दशकावर नेऊन सत्तर. नव्वद टक्केवाल्याला आणखी दहा टक्क्यांचं दुखणं मंजूर झालं तर होतात एक्याण्णव, आणि एक्याण्णवाचे पुन्हा नव्वद. कानात अखंड शिट्टी वाजणं हा तिथे सगळ्यांत जास्त मंजूर होणारा विकार. त्याला दहा टक्के मिळतात. नव्वदवाल्याच्या कानात ती शिट्टी फुकट वाजते. त्याला शंभरावर जायचं तर उरलेल्या दहा टक्के माणसातला निम्मा आणखी मोडावा लागतो. हे गणित ज्यानं शोधलं त्याला पदक द्यायला हवं, बहुधा दहा टक्क्यांचं.

गंमत म्हणजे सैनिकाला पुरावे गोळा करायला मदत करणं हे २००० सालच्या कायद्यानं खुद्द विभागाचंच कर्तव्य आहे. शिवाय अमेरिकन लीजनसारख्या सैनिकांच्या जुन्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी दावा फुकट भरून देतात. आता फुकट म्हटलं की रांग आली. इराक-अफगाणिस्तानात लष्करी तळांवरचा कचरा उघड्या खड्ड्यांत जाळला जायचा. त्या धुरानं झालेल्या आजारांना २०२२ च्या पॅक्ट कायद्यानं दार उघडलं आणि दाव्यांचा पूर आला. २०२४ च्या आर्थिक वर्षात विभागानं पंचवीस लाखांच्या आसपास दावे निकालात काढले. फुकट मदत करणाऱ्याच्या टेबलासमोर सैनिक ताटकळतो आणि कंपनी दुसऱ्या रिंगला फोन उचलते, हे खरंच आहे. कंपन्यांच्या बाजूनं बोलण्यासारखं एवढं एकच आहे, आणि तेही सरकारनंच पुरवलेलं.

उचललेला फोन पुढे कुठवर जातो तेही ऐका. एका कंपनीबद्दल तिथल्या पत्रकारांनी उघड केलं की तिचं यंत्र सैनिकाचा सोशल सिक्युरिटी क्रमांक वापरून विभागाच्या हेल्पलाइनला आपोआप फोन लावतं, भत्ता वाढला का ते तपासतं, आणि वाढला की बिल निघतं. भत्ता वाढल्याची आनंदवार्ता काही सैनिकांना बिलावरूनच कळत असेल. हे ऐकून अण्णा बराच वेळ गप्प होते. "मी निदान पार्टीच्या नावानं साहेबाला फोन लावला नाही," ते म्हणाले.

असं नाही की अमेरिकेनं बंदोबस्त केला नाही. यादवी युद्ध चालू असतानाच, १८६२ साली, पेन्शनचं काम करणाऱ्या एजंटाची फी पाच डॉलरवर बांधली. दोन वर्षांनी दहा केली. ती दहा डॉलरची मर्यादा शेवटी १९८८ साली उठली. त्याआधी १९८५ साली सुप्रीम कोर्टानंही ती उचलून धरली होती. वकील शिरले तर साधीसोपी प्रक्रिया किचकट होईल, अशी काळजी न्यायमूर्तींना वाटली होती. वकिलांना बाहेर ठेवून ती किती साधी राहिली, ते वरच्या बेरजेत दिसतंच आहे.

आणि दहा डॉलरमध्ये एजंट उपाशी मेला म्हणता? वॉशिंग्टनच्या जॉर्ज लेमननं १८७७ साली 'नॅशनल ट्रिब्यून' नावाचं पत्रच काढलं. वाचक माजी सैनिक, मालक पेन्शनचा एजंट. जुनी थकबाकी मिळालीच पाहिजे म्हणून पत्रानं रान उठवलं, १८७९ साली थकबाकीचा कायदा झाला, आणि मालकाच्या कचेरीत दाव्यांचे ढीग लागले. दर ढिगाच्या उंचीवरून ठरत नाही, कमाई ठरते. अण्णांनी लेमनला मनोमन हात जोडले.

सध्या वॉशिंग्टनमध्ये दोन विधेयकं समोरासमोर आहेत. एक म्हणतं, २००६ साली गेलेली शिक्षा परत आणा. दुसरं म्हणतं, कंपन्यांना मान्यता द्या आणि फीला मर्यादा घाला: वाढीच्या पाचपट किंवा साडेबारा हजार डॉलर, कमी असेल ते. पाचपट म्हणजे कंपन्यांचा चालू दर. जिथे हात पोचला आहे नेमकी तिथेच लक्ष्मणरेषा आखायची, असं हे नियमन. लुइझियाना राज्यानं २०२४ मध्ये साडेबारा हजारांचीच वाट धरली. न्यू जर्सीनं २०२३ मध्ये बंदी घातली, तर एक कंपनी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा झेंडा घेऊन कोर्टात उभी राहिली. सल्ला हे भाषण आहे, तेव्हा भाषणावर बंदी कशी घालता? जे भाषण संपल्यावर दहा हजारांचं बिल येतं त्याला आपण आजवर उगाचच धंदा म्हणत होतो. फॉर्म सोपा करा, बेरीज सरळ करा, फुकटच्या टेबलावर माणसं वाढवा, असलं काही मात्र या दोन्ही विधेयकांच्या गाभ्यात नाही. त्यात कोणाचीच पाचपट नाही.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच शंका काढली. कंपनीनं फसवलं असं वाटलं तर सैनिकानं करायचं काय?

"विभागाकडे तक्रार करता येते," मी म्हणालो. "लेखी. करार, बिलं, पत्रव्यवहार, सगळं जोडून."

अण्णा खुर्चीत सावरून बसले.

"ती भरून द्यायला तिथे कोण बसतं?"