सिग्नलला गाडी बंद पडू नये म्हणून

प्रथम लक्षणं. गाडी रस्त्यावर झकास पळते, पण सिग्नलला ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की थरथरते आणि मान टाकते. मागचे हॉर्न वाजवतात आणि शेजारी बसलेले आमचे दाजी म्हणतात, "पेट्रोलमध्ये भेसळ!" गेल्या २० वर्षांत दाजींचं हे निदान बदललेलं नाही. टायर पंक्चर झाला तेव्हाही त्यांनी आधी पेट्रोलचाच विषय काढला होता.

खरा दोषी बहुधा असतो काजळी धरलेला आयडल व्हॉल्व्ह, आणि तो घरीच साफ करता येतो. त्यासाठी गाडी जुनी, पेट्रोलची असावी. नव्या गाड्यांत बहुतेक थ्रॉटलच मोटरवर चालतो. तिथे हा आयडल व्हॉल्व्ह वेगळा नसतो.

आता जागा. इंजिन गार असताना बोनेट उघडावं. एअर फिल्टरमधून निघालेल्या जाड पाइपामागोमाग गेलं की थ्रॉटल बॉडी लागते. तिच्या अंगाला चिकटलेलं, वायरचा सॉकेट लावलेलं छोटं नळकांडं म्हणजे हा व्हॉल्व्ह. थ्रॉटल बॉडीत हवेची वाट उघडणारी-मिटणारी झडप असते, ती बटरफ्लाय; तिच्या दांडीच्या टोकाशीही एक सेन्सर असतो. तो हा नव्हे. मी एकदा तोच खोलला होता. त्यानंतरचा आठवडा मी रिक्षाने फिरलो.

टॉर्च दाजींनी धरावी. म्हणजे उजेड व्हॉल्व्ह सोडून सगळीकडे पडतो.

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढावी. सॉकेट ओढताना वायर धरू नये. स्क्रू काढून व्हॉल्व्ह बाहेर घ्यावा आणि ओ-रिंग डोळ्यांत तेल घालून सांभाळावी, कारण ती घरंगळते नेमकी दाजींच्या चपलेखाली. टोकावर काजळी साचलेली दिसेल. ती थ्रॉटल क्लीनर आणि मऊ ब्रशने काढावी. स्प्रे मोटरच्या बाजूला जाऊ देऊ नये. आत-बाहेर होणारी सुई हाताने दाबू नये. दाजी दाबतील. व्हॉल्व्ह बसतो तिथलं भोकही पुसावं. ते राहिलं तर सगळी मेहनत फुकट.

हे चाललेलं असताना दाजींनी विचारलं, "पण हे करतं काय?" मी म्हणालो, पाय काढला की बटरफ्लाय मिटते, मग इंजिनाला जगण्यापुरती हवा बाजूच्या वाटेने याच्यातून जाते. दाजी क्षणभर गप्प झाले. ३० वर्षं पाटबंधाऱ्याच्या नोकरीत काढलेला माणूस. "म्हणजे मुख्य दार बंद, आणि बाजूच्या चारीला छोटं दार. गाळ धरला की पाणी पोचत नाही." इतकं नेमकं मला आजवर कुठल्याच फिटरने सांगितलेलं नाही. मी ओ-रिंगचं मनातल्या मनात माफ केलं.

सगळं परत बसवून गाडी सुरू करावी आणि ॲक्सिलरेटरला न शिवता काही मिनिटं तशीच चालू द्यावी. कॉम्प्युटरला नवा अंदाज घ्यावा लागतो. आरपीएमचा काटा ८००च्या आसपास टिकला. मग एसी लावला. काटा जरा खाली गेला आणि लगेच सावरला.

"दार उघडलं," दाजी म्हणाले. थोड्या वेळाने, "पण पेट्रोल मात्र त्या पंपावर भरू नकोस."