रस्साशास्त्री

प्रत्येक सोसायटीत गच्चीची किल्ली एकाच माणसाकडे असते आणि रस्स्यातलं कळणारा माणूसही एकच असतो. बहुधा तो एकच गृहस्थ असतो.

आमच्याकडच्या गृहस्थांचं खरं आडनाव आता फक्त कुरिअरवाल्याला आणि वीज मंडळाला ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी ते रस्साशास्त्री. सगळी हयात बँकेच्या ऑडिट खात्यात गेली, त्यामुळे समोर आलेल्या कुठल्याही वाटीकडे 'यात काहीतरी दडवलंय' अशाच नजरेनं बघायची सवय. निवृत्तीनंतर बँका सुटल्या, हॉटेलं सापडली.

शास्त्रीबुवा हॉटेलात जेवायला जात नाहीत, तपासणीला जातात. तांबडा रस्सा आला की तुम्ही-आम्ही भाकरी मोडतो. ते वाटी ट्यूबलाइटच्या दिशेनं किंचित कलती धरतात, तरी कडेला कशी जमते ते बघतात, मग चमच्याच्या पाठीनं ती तरी बाजूला सारून खालच्या रस्स्याचा रंग बघतात. एक थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळतात. "खसखस आहे. पण भाजायला आळस केलाय." मग डोळे मिटून पहिला भुरका. टेबलावरच्या मंडळींनी तोवर दुसरी भाकरी मागवलेली असते. डोळे उघडतात, तर्जनी वर जाते, आणि निकाल येतो, "दगडफूल!"

दगडफूल हे त्यांचं हुकमी उत्तर आहे. ज्या रस्स्यातलं काही कळत नाही, त्यात दगडफूल असतं. आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा असतंच, कारण आपल्याकडच्या निम्म्याअधिक मसाल्यांत ते पडतंच. पण कुणी 'मलाही तेच वाटलं' म्हटलं, तर शास्त्रीबुवा लगेच नागकेशरावर जातात.

यानंतर वाढप्याची उलटतपासणी.

"दादा, आचारी कुठले तुमचे?"

"आतले."

"आतले म्हणजे?"

"आत हायत न्हवं."

कोल्हापूरच्या एका खानावळीत मात्र ते थेट चुलीपर्यंत पोचले. आचारी दिलदार निघाला. हातातला डाव खाली न ठेवता त्यानं सगळं सांगून टाकलं. मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण लावायचं आणि भरपूर पाण्यात शिजवायचं. त्या अळणी पाण्याचे दोन वाटे करायचे. एकात नारळाचं दूध आणि काजू-तीळ-खसखशीचं वाटण घातलं की पांढरा. दुसऱ्यात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि कांदा-लसूण चटणी, की तांबडा. "ह्यात काय न्हाई ओ साहेब. मटण चांगलं पायजे, आन् थोडा आमच्या पाण्याचा गुण म्हणायचा."

शास्त्रीबुवांनी शब्दन् शब्द डायरीत उतरवला, आचाऱ्याचे आभार मानले, बाहेर आले आणि डायरी मिटत म्हणाले, "मुख्य गोष्ट सांगितली नाही त्यानं." मग पाण्याचं आठवलं. हात धुवायच्या नळाखाली दोन बाटल्या भरून त्यांनी पुण्याला आणल्या. वहिनींनी त्या, दारात पडलेल्या सगळ्या अर्ध्या-मुर्ध्या बाटल्यांबरोबर, तुळशीला घातल्या. त्या महिन्यात तुळस जोरात होती, आणि शास्त्रीबुवा तिच्याकडे जरा संशयानंच बघत होते.

त्या बिचाऱ्या आचाऱ्यानं खरं तर काहीच लपवलं नव्हतं. पण त्याच्या पातेल्यात हाडांसकट ढीगभर मटण रटरटत असतं, म्हणून त्या पाण्याला पाण्याची चव राहत नाही. शास्त्रीबुवा एक किलो मटण आणतात आणि थाळीत रस्सा हवा तितका वाढतात तसा वाढायचा म्हणून पातेलं गळ्यापर्यंत भरतात. दुसरी गोष्ट तेलाची. मिरचीचा लाल रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो. तरी म्हणजे तो रंग प्यालेलं तेलच. शास्त्रीबुवांचं कोलेस्टेरॉल त्यांच्या डॉक्टरांच्या डोळ्यांत सलतंय, म्हणून घरी तेल चहाच्या चमच्यानं मोजून पडतं. आणि मग ते पातेल्यावर वाकून विचारतात, "रंग का सुटत नाहीये?" कुणी सांगायला गेलं, तर तोही त्या आचाऱ्याला सामील आहे असं त्यांचं मत होतं.

सांगून कळत नाही म्हटल्यावर त्यांनी पुरावा गोळा करायचा मार्ग धरला. तांबड्याचं पार्सल आणायचं आणि घरी चहाच्या गाळणीतून गाळायचं. गाळणीत उरलेला ऐवज कोमट पाण्यानं धुऊन वर्तमानपत्रावर पसरायचा आणि भिंग घेऊन बसायचं. एका रविवारी अर्धं तमालपत्र, एक लवंग, दालचिनीची काडी आणि शेंगदाण्याची एक पाकळी निघाली. शेंगदाणा! सोसायटीच्या ग्रुपवर लगेच फोटो आला. तांबड्यात शेंगदाणा असतो का, यावर दिवसभर रण पेटलं. संध्याकाळी धाकट्या नातवानं कबूल केलं, की पार्सल येताना रिक्षात तो चिक्की खात होता. शास्त्रीबुवांनी डायरीतली नोंद खोडली नाही. पुढे कंसात 'शंकास्पद' एवढं लिहिलं.

मध्यंतरी त्यांचा पंजाबी काळ येऊन गेला. मोठ्या हॉटेलात मेन्यूकार्डाची पानंच्या पानं असली, तरी मुदपाकखान्यात सकाळी मोजकीच पातेली उकळतात, हा शोध त्यांना लागला. टोमॅटो-काजूची लाल ग्रेव्ही, कांदा-टोमॅटोची पिवळी, आणि उकडलेला कांदा, काजू, मगज यांची पांढरी. ऑर्डर आली की डावभर ही, डावभर ती, वर चिमूटभर कसुरी मेथी, आणि कढई, हंडी, कोफ्ता, कोल्हापुरी अशी नावं फुटत जातात. (व्हेज कोल्हापुरी कोल्हापूरच्या माणसानं पहिल्यांदा पुण्या-मुंबईतच पाहिलेली असते, हे जाता जाता.) शास्त्रीबुवांना तर घोटाळ्याची मूळ फाइलच सापडल्याचा आनंद झाला. जानेवारी २०२४ मध्ये बटर चिकन नेमकं कुणाच्या डोक्यातून निघालं यावरून मोती महल आणि दर्यागंज ही दोन हॉटेलं दिल्ली उच्च न्यायालयात भांडत असल्याची बातमी आली, तेव्हा तर त्यांनी ती कापून फ्रीजवरच लावली. "बघा, ग्रेव्हीत गुपित असतं म्हणूनच कोर्टापर्यंत जातात लोक!"

त्याच फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात मग तिन्ही ग्रेव्ह्यांचे डबे आले. लाल आणि पिवळी निभावली. पांढरीचा डबा संकष्टीला त्यांच्या आईंनी नारळाचं दूध समजून खिरीत ओतला. उकडलेल्या कांद्याच्या त्या खिरीचा नैवेद्य गणपतीला दाखवायचा की नाही, यावर बराच वेळ गेला आणि त्या रात्री चंद्रोदयानंतर घरानं वरण-भातावर उपास सोडला. पंजाबी काळ संपला.

आता रविवारचं घर बघा. सकाळी खाटकाच्या दुकानात शास्त्रीबुवांचा नंबर आला, की मागची रांग हताश होते. नळी किती, चाप किती, गर्दन किती, याचं तपशीलवार टिपण खिशातून निघतं. घरी आल्यावर वजनकाटा. वहिनींच्या ओट्यावर 'रुचिरा'ची पार जीर्ण झालेली प्रत आहे. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली वाटी-चमच्याचं माप दिलं आणि महाराष्ट्रातल्या लेकी-सुना सुटल्या. शास्त्रीबुवांना ते माप ढिसाळ वाटतं. त्यांना धने ग्रॅममध्ये लागतात. मिरचीही दोन जातींची, ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, आणि ब्याडगीला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं हे ती भाजताना सांगितलंच पाहिजे. ती भाजली की पहिला ठसका त्यांना, दुसरा आईंना, तिसरा वरच्या मजल्याला. मिक्सर, पाटा, खल, तिन्ही बाहेर. "अगं, झाऱ्या कुठाय?" "तुमच्या हातात आहे." साडेतीन वाजतात. नातवांनी कधीच मॅगी खाल्लेली असते.

आणि या सगळ्या धुमाळीत ओट्याच्या कोपऱ्यात एक चिनी मातीची बरणी शांतपणे उभी असते. वहिनींचं माहेर गडहिंग्लजचं. त्यांच्या आई दर उन्हाळ्यात मिरच्या डंकावर कुटून कांदा-लसूण चटणी करतात आणि बरणीभर पुण्याला धाडतात. एरवी बुधवारी वहिनी त्यातली चमचाभर घालून साधा अंड्याचा रस्सा टाकतात, वीस-पंचवीस मिनिटांत. शास्त्रीबुवा तो पेपर वाचता वाचता खातात, ताटलीत भाकरी फिरवून ताटली चकचकीत करतात आणि पुन्हा वाढायला खुणेनंच सांगतात. त्या वाटीला कधी ट्यूबलाइट दिसलेला नाही. एकदा मी म्हटलं, "शास्त्रीबुवा, वहिनींना विचारा की काय घालतात." ते हसले. "अहो, ते आपलं घरगुती. मी हॉटेलच्या चवीबद्दल बोलतोय."

हॉटेलात मात्र त्यांची सर्वोच्च पदवी काय, तर "एकदम घरगुती चव आहे बरं का!" पाटीवर 'घरगुती जेवण मिळेल' असं लिहिलेलं दिसलं, की गाडी बाजूला लागलीच.

गेल्या रविवारी चार शेजाऱ्यांना आमंत्रण होतं. रस्सा खरोखर चांगला झाला होता. शास्त्रीबुवा कठड्याला टेकून निकालाची वाट बघत उभे. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी वाटी तोंडाला लावून संपवली, मिशी पुसली आणि मनापासून म्हणाले, "वा! अगदी घरच्यासारखा झालाय!"

शास्त्रीबुवांचा चेहरा बघवेना. पाहुणे गेल्यावर डायरी उघडली गेली. थोड्या वेळानं आतून आवाज आला, की कोल्हापुरी प्रकरण आता बंद. खरं गुपित विदर्भात आहे. सावजी. मुळात नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरातलं जेवण, पिढ्यान् पिढ्यांचा काळा मसाला, ते लोक कुणाला पत्ता लागू देत नाहीत. पुढच्या आठवड्याचं रेल्वेचं तिकीट बघायला घेतलंय.

"जा की," वहिनी भांडी विसळत म्हणाल्या, "आणि ती गाळणी घेऊन जा तुमची. मी चहाला नवी आणलीये."