साठी त्याची, मतदान ग्रुपचं

मित्राची साठी प्रवासात आली की ग्रुपवर मतदान सुरू होतं. एकाला तिखट चालत नाही, दुसऱ्याचा नेमका गुरुवार असतो, तिसऱ्याला एसी हवा, चौथा रेटिंग बघितल्याशिवाय चहासुद्धा पीत नाही. सगळ्यांची नकारघंटा वाजून झाली की उरतं काय? पनीर बटर मसाला आणि हक्का नूडल्स. ज्याची साठी, त्याला कुणी विचारलेलंच नसतं. हे मतदान बंद करा. त्या संध्याकाळी फक्त त्याचं मत धरा.

नागपूरच्या मिहानच्या बाबतीत तर हे बजावूनच सांगायला हवं. समृद्धी महामार्ग जवळच्या शिवमडक्याला सुरू होतो, विमानतळ शेजारीच. त्यामुळे बाहेरून येणाऱ्यांचा मुक्काम वर्धा रोडवरच्या मोठ्या हॉटेलांत पडतो. मिहानमध्ये आहेत त्या आयटी कंपन्या, एम्स, आयआयएम आणि विमानदुरुस्ती. रस्ते ऐसपैस आहेत, पण पायी फिरून चार खानावळी पाहाव्यात असा हा भाग नाही. मग दमलेला ग्रुप लिफ्टने खाली उतरतो आणि बुफेच्या रांगेत उभा राहतो. खोली तिथे जरूर घ्या, झोप छान लागते. पण त्या बुफेत नागपूर कुठे आहे? तेच पनीर घराजवळ मिळत होतं. त्यासाठी समृद्धीच्या दुसऱ्या टोकापासून, आमण्याहून, 701 किलोमीटर गाडी हाकायची गरज नव्हती. आणि हो, गाडीने येणार असाल तर पोहोचलात त्याच रात्री बेत ठेवू नका. दिवसभर स्टिअरिंग धरलेला माणूस ताटावर पेंगतो.

नागपूरच्या साठीला सावजीच हवं, हे माझं ठाम मत. हे जेवण कोष्टी विणकरांच्या घरातलं. जामशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे 1877 साली सुरू झाली. हातमागावर आणि पुढे गिरण्यांत राबणाऱ्या हातांनी हे तिखट जपलं. इतवारी, महाल, गोळीबार चौक या जुन्या भागात त्याची भोजनालयं आहेत. टेबलावर स्टीलची वाटी येते, रस्सा काळपट लाल, वर तर्रीचा जाड थर. पहिल्या घासाला जीभ पोळते. दुसऱ्या घासाला तिखटाखालचं बाकीचं लागायला लागतं: खसखस, सुंठ, दगडफूल, मिरे. जुन्या पद्धतीने केलं असेल तर जवसाच्या तेलाचा वासही येतो. ज्याला मटण कळतं त्याने खूर किंवा सुंदरी मागवावी. सुंदरी म्हणजे बकऱ्याची आतडी. नाक मुरडणाऱ्याने शेजारच्याच्या वाटीत एकदा भाकरी बुडवून पाहावी. गुरुवारवाल्यांचंही काही अडत नाही. पाटोडी रस्सा आणि डाळकांदा याच मसाल्यात होतात, आणि पाटोडी रस्सा तर मटणाला तोडीस तोड आहे.

जायला मेट्रो आहे. खापरीहून बसा, बर्डीला गाडी बदला, अग्रसेन चौकाला उतरा, पुढे ऑटो. परतीच्या मेट्रोवर मात्र विसंबू नका, टॅक्सी आधीच सांगून ठेवा. सकाळी भोजनालयात फोन करून दोन गोष्टी विचारा: संध्याकाळी काय उरलेलं असेल, आणि इतक्या माणसांना एकत्र बसता येईल का. हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. तिथे माणसं जेवायला येतात, जेवून उठतात. मागे जागेची वाट पाहणारे उभे असताना दोन तास भाषणं ठोकणं बरं दिसत नाही. भाषणं, जुने फोटो, कॉलेजातली कुलंगडी हे सगळं हॉटेलच्या खोलीवर परतल्यावर. संध्याकाळचे असे दोन भाग केले की दोन्ही नीट होतात.

सगळाच ग्रुप शाकाहारी असेल आणि तर्री झेपणार नसेल, तर विष्णू मनोहरांची 'विष्णूजी की रसोई' आहे. किंवा ओळखीच्या एखाद्या नागपूरकराच्या घरी वडाभात करून मिळतो का विचारा. त्यावर हिंग-मोहरीची गरम फोडणी ओतलेली असली की ताटात दुसरं काही लागत नाही. मागायला लाजू नका. साठीच्या पाहुण्याला नाही म्हणणारं घर या गावात मला तरी माहीत नाही.

केकचा हट्ट सोडा. मेणबत्ती संत्रा बर्फीवरही उभी राहते, आणि सावजीनंतर तोंडात काहीतरी गोड आणि थंड हवंच असतं. ज्यांना ॲसिडिटीचा त्रास आहे त्यांनी गोळी खिशात ठेवावी, पण आपल्या पित्तापायी दुसऱ्याचा बेत बदलू नये. ताटात दही-भात घेऊन शेजारी बसावं. मैत्रीत एवढं तर करता येतं.

आणि साठीवालाच म्हणाला, की माझे गुडघे दुखतायत, मला पाठ टेकायला खुर्ची हवी, हॉटेलातलं पनीरच खाऊ या? मग एक शब्द न बोलता लिफ्टचं बटण दाबा, आणि पनीर त्याला हवं तसं करून द्यायला सांगा.