फुटेजकाका

दहिसर पूर्वेला हायवे आणि रेल्वे यांच्या मधल्या पट्ट्यात लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारती अजून शिल्लक आहेत. अशा प्रत्येक इमारतीत पंपाचा स्विच कळणारा एक माणूस असतो, पोलीस ठाण्यात ओळख आहे असं सांगणारा एक असतो, आणि गेल्या काही वर्षांत त्यांच्यात तिसऱ्याची भर पडली आहे: कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचा, म्हणजे डीव्हीआरचा, पासवर्ड ठाऊक असलेला. आमच्याकडे त्यांना फुटेजकाका म्हणतात. तोंडावर नुसतं काका.

एमटीएनएलच्या जानेवारी २०२०च्या स्वेच्छानिवृत्तीत काका बाहेर पडले. आता रोज सकाळी नॅशनल पार्कात फिरायला जायचं असं त्यांनी ठरवलं होतं, तर दोन महिन्यांत सगळ्यांचंच फिरणं बंद झालं. इतर माणसं घरात बसून टीव्ही बघायला लागली, काका कॅमेऱ्यांतून गेट बघायला लागले. तिथून जे डोकं त्यात गेलं ते गेलंच.

काकांच्या हातात साडीच्या दुकानाची कापडी पिशवी असते. तिच्यात डिस्क कॉम्प्युटरला जोडायची वायर, बारा व्होल्टचे दोन अॅडॉप्टर, मूठभर बीएनसी पिना, बटन सेल, चिकटपट्टी आणि ग्लुकोज बिस्किटांचा पुडा. बिस्किटं स्वतःसाठी नाहीत, वॉचमनसाठी आहेत. कारण डीव्हीआर वॉचमनच्या केबिनमध्ये असतो, आणि वॉचमनची मर्जी गेली की डीव्हीआर गेला.

आमचा वॉचमन आपला जेवणाचा डबा डीव्हीआरवर ठेवायचा. यंत्र चोवीस तास तापलेलं, पोळ्या दुपारपर्यंत गरम. काकांनी तीनदा नोटीस लावली, "डीव्हीआरवर खाद्यपदार्थ ठेवू नयेत." वॉचमन नोटीस वाचायचा, मान डोलवायचा आणि डबा ठेवायचा. शेवटी एका पावसाळी दुपारी डब्यातली डाळ कलंडली, वरच्या जाळीतून आत उतरली, आणि आठही कॅमेरे एकदम आंधळे झाले.

नेमकी त्याच आठवड्यात सोसायटीची अॅल्युमिनियमची शिडी नाहीशी झाली होती.

शिडीची किंमत फार नव्हती. पण शिडी कोणी नेली याबद्दल ए विंगचं बी विंगविषयी आणि बी विंगचं ए विंगविषयी एक ठाम मत होतं. तातडीची मीटिंग बसली. "फुटेज काढा" असं चौघं एकदम म्हणाले. हे वाक्य म्हणजे काकांच्या कानाला सनई. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी आधी गणित सांगितलं. आठ कॅमेरे, प्रत्येकाचं सेकंदाला एक मेगाबिट, म्हणजे दिवसाला साधारण ८६ जीबी. आपली डिस्क एक टीबीची. अकरा दिवसांत भरते. बाराव्या दिवशी यंत्र पहिल्या दिवसावरच लिहायला घेतं, आणि एकदा वर लिहिलं गेलं की खालचं ब्रह्मदेवालाही काढता येत नाही. "पण मंडळी, आपला डीव्हीआर डाळीने बंद पडलाय. म्हणजे पुढे काही लिहिलंच गेलेलं नाही. शेवटचे अकरा दिवस डिस्कवर जसेच्या तसे आहेत." मग वॉचमनकडे वळून ते म्हणाले, "या माणसाने पुरावा वाचवलाय." वॉचमनला काही कळलं नाही, पण त्याने नमस्कार केला.

डिस्क काढून काकांच्या घरी नेली. कॉम्प्युटर हाताळायला ३०२चा इंजिनीअरिंगचा मुलगा होता. डिस्क जोडली आणि पडद्यावर खिडकी उघडली: ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू का? डीव्हीआर आपल्या डिस्कवर स्वतःच्या पद्धतीने लिहितो. घरच्या कॉम्प्युटरला ती लिपी वाचता येत नाही, त्यामुळे भरलेली डिस्क त्याला कोरी वाटते आणि तो मोठ्या अदबीने ती पुसायची परवानगी मागतो. मुलाचं बोट सवयीने "हो"कडे निघालं. काकांनी त्याचं मनगट असं धरलं की पोराच्या हातातलं घड्याळ सुटून पडलं. "हो म्हणू नकोस!" ही आरोळी बी विंगपर्यंत गेली. तिथे कुणाच्या तरी लग्नाची बोलणी चालली होती म्हणे.

मुलगा बिचारा म्हणाला, फॉरमॅट झालं तरी बरंचसं परत काढता येतं, नुसती अनुक्रमणिका पुसली जाते. ते खरं आहे. काकांनाही ते माहीत आहे. पण तत्त्व म्हणून एक काही असतं की नाही? त्यांनी आधी अख्ख्या डिस्कची दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब नक्कल घेतली, त्यात एक रात्र गेली. मूळ डिस्क मलमलच्या फडक्यात गुंडाळून देवघराखालच्या कपाटात ठेवली. मग नकलेवर काम सुरू. चित्रांचे तुकडे सापडत होते, पण तारखेचा घोळ होता. डीव्हीआरमधला बटन सेल कधीच संपलेला, त्यामुळे लाइट गेली की यंत्रात पुन्हा १ जानेवारी २००० उजाडायची. पावसाळ्यात दहिसरला लाइट जाणं नवीन नाही. त्या अकरा दिवसांत आमच्या सोसायटीत चार वेळा नवं शतक सुरू झालेलं.

काकांनी हार मानली नाही. दूधवाला पाच चाळीसला येतो, पालिकेची कचऱ्याची गाडी सव्वासातला, १०४ वाल्या काकू तुळशीला पाणी घालतात पावणेआठला. या तिघांना खुंट्या करून त्यांनी वहीत तक्ता आखला आणि चारही जानेवाऱ्या जुलैला जोडल्या. गुन्हे शाखेतला माणूसही हे इतकं मन लावून करणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चेअरमनचा फोन आला. शिडी गच्चीवरच्या टाकीमागे सापडली होती. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "शिडी सापडली ते ठीक आहे. फुटेज अजून सापडायचंय."

तिसऱ्या रात्री तेही सापडलं. जिन्यासमोरच्या कॅमेऱ्यावर कोळ्याने जाळं केलेलं होतं. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की ते जाळंच उजळतं, सगळीकडे पांढरा धूर. त्या धुरातून शिडी डावीकडून उजवीकडे जाते. आडवी, संथ, एकटी. नेणारा माणूस चौकटीच्या बाहेर आहे. सोसायटीने हे नऊ सेकंद काकांच्या घरी बसून चहासकट चार वेळा पाहिले. काकांचा चेहरा असा, जणू घरचं लग्न लागलंय.

या माणसाची खरी गंमत मला इथे वाटते. डिस्कवर काय दिसतंय यात त्यांना रस नाही, दिसतंय की नाही एवढ्यातच आहे. गच्चीवर कोण सिगारेट ओढतं, कोण रात्री दीडला कुणाच्या गाडीतून उतरतं, हे काकांइतकं कुणालाच ठाऊक नसेल. लोक त्यांना जरा जास्तच वाकून नमस्कार करतात ते त्यामुळेच. पण काकांच्या तोंडून आजवर एक नाव बाहेर पडलेलं नाही. त्यांना विचाराल तर ते म्हणतील, "तिकडे फ्रेम रेट फार कमी येतो."

जुने डीव्हीआर ते भंगारात जाऊ देत नाहीत. माळ्यावर त्यांच्याकडे सात आहेत, आमच्या सोसायटीचे तीन आणि आजूबाजूच्या सोसायट्यांनी टाकून दिलेले चार. काकांच्या घरच्या काकूंनी भंगाराचा विषय काढला की काका जालन्याचा निकाल काढतात. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालय, १४ जुलै २०२०. २०१४ची विधानसभेची निवडणूक, २९६ मतांचा फरक, आणि वाद कशावर? उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दिला की नंतर, यावर. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात कॅमेरे होते, चित्रीकरणाच्या सीडी होत्या, पण पुरावा कायद्याच्या कलम ६५-बचं प्रमाणपत्र नव्हतं. न्यायालयाने सांगितलं, नक्कल दाखवायची तर प्रमाणपत्र हवंच. मात्र ज्यात मुळात नोंद झाली ते यंत्रच मालकाने कोर्टात हजर करून सिद्ध केलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही. हे शेवटचं वाक्य काका दोनदा म्हणतात. "मूळ यंत्र! कळलं? आणि तू म्हणतेस भंगारवाल्याला दे."

१ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, ६५-बची जागा कलम ६३ने घेतली आणि प्रमाणपत्रात फाइलची हॅश संख्या लिहायची सोय आली. फाइलमधला एक बिंदू बदलला तरी ही संख्या पार बदलते, म्हणून ती फाइलच्या अंगठ्याच्या ठशासारखी. काकांनी शिडीच्या नऊ सेकंदांची ६४ अक्षरी हॅश काढून नोटीस बोर्डावर लावली. दोन दिवस पोरं तो वायफायचा पासवर्ड समजून टाकून बघत होती.

घरातला लढा वेगळाच आहे. २००८ साली टाटा स्कायचा रेकॉर्डिंगवाला बॉक्स आला, तेव्हापासून काका असे बॉक्स वापरतात. १६ नोव्हेंबर २०१३चं वानखेडेवरचं सचिनचं निरोपाचं भाषण त्यांच्या जुन्या बॉक्सात आहे. शेजारी काकूंचे "होणार सून मी ह्या घरची"चे भाग. पण या बॉक्सांच्या डिस्कमधलं रेकॉर्डिंग कुलूपबंद असतं आणि किल्ली त्या बॉक्सापाशीच असते. डिस्क काढून कुठेही जोडा, हाती भुसा. एकच वाट उरते. लाल-पिवळ्या-पांढऱ्या वायरने बॉक्स कॉम्प्युटरला जोडायचा, रेकॉर्डिंग चालवायचं आणि पलीकडे पकडायचं. चाळीस तासांच्या मालाला चाळीस तास. मध्ये कुणी रिमोटला हात लावायचा नाही.

"ते भाषण यूट्यूबवर आहे की," काकू म्हणतात.

"त्यात त्या दिवशीच्या जाहिराती आहेत का?" काका विचारतात. काकांच्या रेकॉर्डिंगमध्ये सचिनचं भाषण अर्ध्यावरच तुटतं, कारण वेळ लावून ठेवली होती आणि सामना लवकर संपला तरी समारंभ लांबला. तरी अस्सल तेच. काकूंचे भाग मात्र पूर्ण आहेत.

आणखी एक सांगायला हवं. गेल्या वर्षी ४०४ वाल्या वहिनी काकांकडे आल्या. त्यांच्या सासऱ्यांना जाऊन काही वर्षं झाली होती, घरात त्यांचे फोटो होते पण चालता-बोलता एक तुकडाही नव्हता. रोज पहाटे खाली फिरायचे, काही मिळेल का? काका माळ्यावर चढले. चालू डीव्हीआरने आजोबांना अकरा दिवसांत पुसलं असतं, पण २०२०च्या पावसाळ्यात एक डीव्हीआर अॅडॉप्टर जळून बंद पडला होता, आणि कुणी दुरुस्त केला नाही म्हणून त्यातले शेवटचे दिवस तसेच राहिले होते. नवा अॅडॉप्टर लावल्याबरोबर तो सुरू झाला. त्यात आजोबा आहेत. मास्क हनुवटीवर ओढून वॉचमनशी हातवारे करत कडाडून भांडतायत. आवाज नाही. वहिनी म्हणाल्या, "आमचेच." या फाइलची हॅश काकांनी काढली नाही.

आता इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार आहे. बिल्डरने नव्या टॉवरमध्ये ऐंशी कॅमेऱ्यांचं आश्वासन दिलंय, आणि रेकॉर्डिंग परस्पर इंटरनेटवर जाईल असं सांगितलंय. काकांनी करारात एक कलम घालायला लावलं: जुने डीव्हीआर सात नग, भाड्याच्या घरी नेण्याआणण्याचा खर्च बिल्डरकडे. वकील हसला, पण कलम घातलं.

तुमच्या सोसायटीत काही हरवलं तर आधी मोबाईलचं घड्याळ डीव्हीआरच्या पडद्याशेजारी धरून दोन्ही वेळांचा एक फोटो काढा, मग यंत्र रीतसर बंद करून प्लग काढा, आणि कॉम्प्युटरने कितीही गोड शब्दांत विचारलं तरी फॉरमॅटला "नाही" म्हणा. मग तुमच्या इमारतीतले काका कोण आहेत ते शोधा, असतातच. आणि हरवलेली वस्तू मध्येच सापडली, तर त्यांना ते जरा उशिराने कळवा.