अभिमन्यूची बॅच

ज्या जिन्यावर एके काळी टायपिंगच्या क्लासचा फलक होता, नंतर एमएससीआयटीचा आला आणि मग स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेचा, त्याच जिन्यावर आता गुलाबी फलक झळकतो आहे : ‘प्रोफेशनल नेल टेक्निशियन व्हा! फक्त तीन दिवसांत!’ खाली जरा बारीक अक्षरांत : ‘किट फ्री. सर्टिफिकेट इंटरनॅशनल. मॉडेल स्वतःची आणावी.’ महाराष्ट्रातल्या बेरोजगारीचा इतिहास कुणाला लिहायचा असेल तर त्याने दप्तरखान्यात जाऊ नये. त्या जिन्यावरचे फलक खरवडावेत. थरावर थर सापडतील.

वास्तविक पुणेकर नखांच्या बाबतीत कधीच घाईचे नव्हते. पुण्याच्याच श्रीधर चिल्लाल यांनी १९५२ साली डाव्या हाताची नखं वाढवायला घेतली आणि ११ जुलै २०१८ रोजी न्यू यॉर्कमध्ये ती कापून घेतली. पाच नखांची मिळून लांबी भरली ९०९.६ सेंटिमीटर. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, हा निसर्गाचा हिशेब त्यांनी सहासष्ट वर्षं निमूट मान्य केला. आता तेच काम दोन तासांत होतं. ॲक्रिलिक, जेल, पॉलिजेल, तयार टिप, म्हणाल ते. बदामी, चौकोनी, टोकदार, म्हणाल तो आकार. ‘कॉफिन’ नावाचाही एक आकार आहे आणि तो लोक हौसेने लग्नात लावून घेतात.

आमच्या भाचीने बीकॉम झाल्यावर जाहीर केलं की तिला नेल टेक्निशियन व्हायचंय. दाजी म्हणाले, “बीकॉम होऊन लोकांची नखं कोरणार?” दाजींच्या मते बीकॉम होऊन तीन वर्षं घरी बसण्यात जी प्रतिष्ठा आहे, ती तीन वर्षं कमावण्यात नाही. आजीची हरकत तांत्रिक होती : शनिवारी नखांना कात्री लावू नये, आणि बॅच नेमकी वीकेंडची. फोनवरच्या क्लासच्या बाईंनी ती एका वाक्यात निकालात काढली. “आजी, आपण कापत नाही, वाढवतो!” आजीचं समाधान झालं.

कोर्स निवडायला सोबत मामा म्हणून मला धाडण्यात आलं. मामाचे उपयोग दोनच : लग्नात भाचीला बोहल्यावर आणणं आणि त्याआधी जिथे तिथे फीमध्ये घासाघीस करणं.

पहिल्या क्लासमध्ये आधी कॉफी आली, मग कौन्सेलर. तिने भाचीची बोटं पाहिली नाहीत. माझ्या पायातल्या चपला पाहिल्या आणि हप्त्यांचा तक्ता पुढे सरकवला. कोर्सच्या पायऱ्या अशा : बेसिक, ॲडव्हान्स, मास्टर, ग्रँडमास्टर आणि सगळ्यात वर ‘इंटरनॅशनल एज्युकेटर’. बुद्धिबळात ग्रँडमास्टर व्हायला अख्खं बालपण खर्ची पडतं. इथे आठवडा पुरतो, जेवणाच्या सुटीसकट. शेवटच्या पायरीचं तर मला विशेषच कौतुक वाटलं. नखं लावायला शिकायचं ते नखं लावण्यासाठी नव्हे, शिकवण्यासाठी. ज्यांना शिकवाल त्याही पुढे शिकवणार. तालुक्यात घरटी एक एज्युकेटर आणि गिऱ्हाईक एकही नाही, ही आदर्श अवस्था दूर नाही. डी.एड. कॉलेजांचं पीक आलं होतं तेव्हा हा प्रयोग आपण एकदा यशस्वी करून दाखवलेलाच आहे.

भिंतीवर ‘आयएसओ प्रमाणित’ अशी सोनेरी पाटी होती. आयएसओ ही संस्था मानकं लिहिते. ती स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही, ती कामगिरी बाहेरच्या संस्था पार पाडतात. शिवाय त्यातलं ९००१ हे मानक कारभाराच्या शिस्तीचं आहे, हातातल्या कसबाचं नाही. फी वेळेवर घेतली आणि पावत्या नीट फाइल केल्या, तर बराचसा कारभार शिस्तीत आला. त्या बाबतीत क्लासला नाव ठेवायला जागा नव्हती.

“पण यात इंटरनॅशनल काय?” मी विचारलं.

“सर, फ्रेंच शिकवतो आपण.”

फ्रेंच म्हणजे भाषा नव्हे, मॅनिक्युअर : गुलाबी नख आणि टोकाला पांढरी कड. हा फ्रेंच प्रकार सत्तरच्या दशकात ‘ऑर्ली’ कंपनीच्या जेफ पिंक यांनी लॉस एंजेलिसमध्ये हॉलिवूडच्या नट्यांसाठी रूढ केला. फ्रान्सचा संबंध नावापुरता, आणि नावापुरतं इंटरनॅशनल असणं एवढीच क्लासचीही प्रतिज्ञा होती. फसवणूक कुठेच नव्हती.

घोळ घातला तो भाचीने. ती येताना वाचून आली होती. विद्यार्थ्याने वाचून येणं कोणत्याही क्लासला परवडत नाही.

“मोनोमर कोणता वापरता? ईएमए की एमएमए?”

“इम्पोर्टेड आहे, मॅडम.”

ॲक्रिलिकची नखं पावडर आणि द्रव यांच्या मिश्रणातून घडतात. तो द्रव म्हणजे मोनोमर. एमएमए हा त्यातला स्वस्त प्रकार, कवळीचं ॲक्रिलिक बनवतानाही तो वापरतात. त्याचं नख इतकं टणक की दारात अडकलं तर नकली नख तुटत नाही, खालचं खरं उचकटतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सत्तरच्या दशकातच निव्वळ एमएमएवाल्या नखांवर कारवाई केली होती.

“जेलमध्ये टीपीओ आहे का?”

“जेलपण इम्पोर्टेड आहे.”

टीपीओ म्हणजे दिव्याखाली जेल घट्ट व्हायला मदत करणारं रसायन. प्रजननक्षमतेला घातक ठरवून युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्याच्यावर बंदी घातली.

“आणि हेमाचं काय करता?”

“हेमा मॅडम आता आपल्या दुसऱ्या ब्रँचला असतात.”

हेमा हेही जेलमधलंच एक रसायन. कच्चं जेल पुन्हा पुन्हा कातडीला लागत राहिलं तर त्याची ॲलर्जी जडते, आणि एकदा जडली की ती सहसा जन्माची सोबत करते. त्याच कुळातली रसायनं पुढे दात भरताना भेटतात, सांधा बदलताना लागणाऱ्या सिमेंटमध्ये भेटतात. विशीत हौसेने लावलेल्या जेलचा हिशेब साठीत गुडघ्याने द्यायचा, असाही योग येऊ शकतो. म्हणून जेल कातडीला लागू न देणं आणि दिव्याखाली पुरतं पक्कं करणं, हे या धंद्याचं अआइई. पलीकडच्या खोलीत त्याच वेळी एक मुलगी मिनिटाला ३५,००० फेऱ्यांची क्षमता असलेलं मशीन अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या नखावर फिरवत होती. खिडक्या बंद होत्या, एसी चालू होता, पांढरी धूळ उडत होती. मास्क होता. हनुवटीवर.

मग भाचीने शेवटचा प्रश्न विचारला. “लावलेली नखं काढायला कधी शिकवता?”

क्षणभर नुसता एसीचा आवाज.

“रिमूव्हल ॲडव्हान्समध्ये येतं, मॅडम.”

म्हणजे चक्रव्यूहात शिरायची विद्या तीन दिवसांत आणि बाहेर पडायची पुढच्या हप्त्यात. अभिमन्यूचा बेसिक कोर्सही असाच झाला होता. सुभद्रेला डुलकी लागली आणि ॲडव्हान्स राहून गेला. पण त्या बिचाऱ्याने आपल्या अर्धवट शिक्षणाची किंमत स्वतः मोजली. इथे ती गिऱ्हाईक मोजतं.

खरं कसब तर काढण्यातच आहे. वरचा चकचकीत थर कानशीने हलके घासायचा. कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवायचा, वरून फॉइलचा तुकडा गुंडाळायचा आणि दहा-पंधरा मिनिटं गप्प बसायचं. जेल फुगून सुटलं की लाकडी काडीने त्याच्या चकत्या सरकवायच्या. नाही सुटलं तर पुन्हा बोळा, पुन्हा गप्प बसणं. कच्च्या हाताला नेमकं गप्प बसणं जमत नाही. पुढचं गिऱ्हाईक दारात असतं. तो हात काडी जोर लावून आत घालतो, उपटतो, आणि जेलबरोबर नखाचा पापुद्राही निघून येतो. मग उरतं ते कागदासारखं नख, ज्याला गरम चहाचा कप धरवत नाही. ते झाकायला पुन्हा जेल लावतात. धंद्याच्या भाषेत याला रिपीट कस्टमर म्हणतात.

दुसऱ्या क्लासची अडचण हातांची होती. मुली भरपूर आणि सरावाला प्लास्टिकचे पंजे. प्लास्टिकचा हात मोठा गुणी. तो थरथरत नाही, त्याच्या नखाभोवती कातडी नाही, घाम नाही, रक्त नाही, तक्रार नाही. विद्यार्थिनीसोबत त्याचे फोटो झकास येतात, आणि फोटोंवरच पुढची बॅच भरते. जिवंत हात हवा तर घरून आणायचा. डेमोसाठी ताईने आपला हात दिला. दुसऱ्या दिवशी ती भाकऱ्या थापायला बसली आणि दाजींच्या ताटातल्या पहिल्याच भाकरीत एक बदामी नख निघालं, चमकीसकट. दाजींनी ते उचलून उजेडात धरलं आणि इतकंच म्हणाले, “निदान एक तरी प्लेसमेंट झालं.”

जगात हे काम नीट शिकवता येतं, याला पुरावा आहे. १९७५ साली कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळच्या निर्वासित छावणीत व्हिएतनाममधून जीव वाचवून आलेल्या बायकांना टिप्पी हेड्रन या नटीची नखं आवडली. हिचकॉकने ‘द बर्ड्स’मध्ये जिच्या अंगावर खरेखुरे पक्षी सोडले होते, तीच ही. नखांचा अनुभव तिच्याइतका दांडगा कुणाला असणार? तिने आपली मॅनिक्युरिस्ट छावणीत नेली, वीस बायकांच्या रीतसर शिक्षणाची सोय केली, त्यांनी परवाने मिळवले. आज कॅलिफोर्नियातल्या नखांच्या धंद्यावर व्हिएतनामी लोकांचं राज्य आहे. तिथे मॅनिक्युरिस्टला ४०० तास शिकावं लागतं, मग परीक्षा, मग परवाना. आमच्या जिन्यावर तीन दिवस. दिवसाचे तास किती हे फलकावर लिहिलेलं नाही, पण चहाची सुटी दोनदा असते एवढं मी खात्रीने सांगतो.

आपल्याकडे नखांचं कसब तपासून परवाना देण्याची भानगडच नाही. वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे दुकान उघडल्याचं सरकारला ऑनलाइन कळवलं की झालं. सरकार ‘कळलं’ म्हणतं. सरकारचं लक्षच नाही असंही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ब्यूटी पार्लरच्या सेवांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. कोचिंगवर मात्र तो १८ टक्केच आहे. नखं लावून घ्याल तर पाच, लावायला शिकाल तर अठरा. एवढा स्पष्ट सल्ला सरकारने क्वचितच दिला असेल.

मी धीर करून आयटीआयचं नाव काढलं. तिथे कॉस्मेटॉलॉजीचा वर्षभराचा ट्रेड आहे, शेवटी परीक्षा आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र. नखं हा त्यातला एक धडा, पण हात धुणं आणि हत्यारं निर्जंतुक करणं यापासून सुरुवात. दाजी उसळले. “बीकॉम होऊन आयटीआय? लोक काय म्हणतील?” लोकांचं म्हणाल तर त्यांनी हे काम फार पूर्वी तपासून ठेवलं आहे. गावगाड्यात नखं काढणाऱ्याच्या धोकटीत नराणी असे, हाताला बापाच्या हाताखाली वर्षानुवर्षं लागलेलं वळण असे, आणि मोबदला सुगीला धान्याच्या रूपात मिळे. कधी बोट कापलं नाही, तरी गावाने त्याला ओसरीच्या वर घेतलं नाही. तेच काम आता एसीत आणि इंग्रजीत आल्यावर लोक त्याला आर्ट म्हणतात आणि हप्त्याने पैसे भरतात. वळण तेवढं किटमध्ये येत नाही.

शेवटी भाचीने कुठल्याच क्लासला पैसे भरले नाहीत. मंडईमागच्या बोळात एक बाई छोटंसं पार्लर चालवतात. त्यांच्याकडे ती मदतनीस म्हणून लागली. पगार सांगण्यासारखा नव्हता, म्हणून दाजींनी तो नातेवाइकांत ‘इंटर्नशिप’ या नावाने सांगितला. पहिले कितीतरी आठवडे बाईंनी तिला ब्रशला हात लावू दिला नाही. हत्यारं धुवायची, बोळे भिजवायचे, फॉइल गुंडाळायची, आणि सुटेपर्यंत गप्प बसायचं. गिऱ्हाइकांची वाण नव्हती. तीन दिवसांच्या बॅचमधून बाहेर पडलेल्या मुली ज्यांची नखं लावत, त्या बायका काढून घ्यायला इथे येत. वीकेंडला बॅच सुटली की सोमवारी बाकावर बसायला जागा नसे. भाची म्हणते, “मामा, त्या क्लासना नावं ठेवू नकोस. आमचं दुकान त्यांच्यावर चालतं.”

मागच्या महिन्यात त्याच जिन्यावरच्या क्लासमधून तिला फोन आला. तिचं नाव त्यांच्या कानावर गेलं होतं. रिमूव्हल शिकवायला एज्युकेटर म्हणून याल का, मानधन चांगलं देऊ. भाची कबूल झाली. अट एकच घातली : काढणं बेसिकच्या पहिल्या दिवशी शिकवीन, लावणं त्यानंतर.

पलीकडची बाई दुखावल्या आवाजात म्हणाली, “असं कसं, मॅडम? मग ॲडव्हान्स विकायचा कुणाला?”