मागे ओढायची खोली

गाडीमागे जोडायची पिटुकली, दणकट ऑफ-रोड ट्रेलर-खोली आता आपल्याकडच्या जोडप्यांना आणि चौकोनी कुटुंबांनाही खुणावू लागली आहे. आत दोघांची गादी, टपावर मुलांचा तंबू, मागचं झाकण उचललं की ओटा: शेगडी, सिंक, मसाल्याच्या डब्याला कप्पा. तिथे पोळ्या कोण लाटणार, एवढंच माहितीपत्रकात नसतं.

चाकांवरच्या खोलीचं नवल वाटत असेल तर म्हैसूरचं रेल्वे संग्रहालय बघून या. महाराणींचा १८९९ चा सलून-डबा तिथे उभा आहे, स्वयंपाकघर-शौचालयासकट. फक्त महाराणींना खाली उतरून ‘अहो, डावीकडे! तुमची नव्हे, माझी डावी!’ असं ओरडावं लागत नसे. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवायचं असतं, हा साक्षात्कार नेमका म्हैसूरच्या देवराज मार्केटच्या गर्दीत होतो.

बरं, रानात जावं, तर बंडीपूरच्या जंगलातला रस्ता २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा बंद. दिवसाही जंगलात थांबायचं नाही, उतरायचं नाही. शेगडी पेटवण्याचं तर नावच नको. हत्तींच्या बाजूने विचार केला तर बरोबरच आहे म्हणा. मग दगडधोंडे तुडवायला निघालेली ही शूर खोली रात्री म्हैसूरच्याच एखाद्या लॉजच्या आवारात विसावते.

‘रूम पाहिजे का, साहेब?’

‘छे, आम्ही कॅम्पिंगला आलोय. फक्त पार्किंग. आणि सकाळी गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं?’